यंदा कपाट नको, ग्रंथपालताईंना शिकायला पाठवा

गावच्या वाचनालयाला मुलांसाठी काही द्यावं असं मनात आलं की आपल्याला वस्तू सुचतात. वडिलांच्या स्मरणार्थ पुस्तकांचं कपाट, रंगीत खुर्च्या, भिंतीवर छोटा भीम. कपाटावर देणगीदाराचं नाव रंगवता येतं, खुर्चीच्या पाठीवरही येतं. ग्रंथपालताईंना दोन दिवस शिकायला पाठवलं तर नाव कुठे रंगवणार? म्हणून त्या कामाला देणगी मिळत नाही. माझी विनंती आहे, सभासदांना, पालकांना, कार्यकारी मंडळावर बसणाऱ्यांना आणि गावाबाहेर राहून गावासाठी पैसे पाठवणाऱ्यांनाही: या वर्षी कपाट देऊ नका. मुलांशी ज्या व्यक्तीचा रोज संबंध येतो, तिच्या शिकण्याचा खर्च द्या.

आपल्याकडची व्यवस्था आधी नीट पाहू. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली राज्यात हजारो वाचनालयं चालतात. बहुतेक नोंदणीकृत संस्थांची आहेत, सरकार त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीने अनुदान देतं. ‘ड’ वर्गाचं अनुदान २०१२ पासून कितीतरी वर्षं वर्षाला ३० हजार रुपये होतं, पुढे वाढलं. आकडा वाढला तरी छोट्या वाचनालयाचं चित्र फारसं बदललेलं नाही. कुलूप उघडणं, झाडणं, वर्तमानपत्रं लावणं, देवघेव, वर्गणीच्या पावत्या, दाखल नोंदवही, तपासणीची कागदपत्रं हे सगळं एकच माणूस करतो, आणि तो बहुधा अर्धवेळ असतो. त्याच माणसाने संध्याकाळी आलेल्या सात मुलांना पुस्तकांची गोडी लावावी, अशीही अपेक्षा. ही अपेक्षा चुकीची नाही. पण ते कसं करायचं हे त्याला कुणी सांगितलंय का?

ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र वर्ग अनेकांनी केलेला असतो. वर्गीकरण, तालिका, नोंदी तिथे शिकायला मिळतात आणि त्या लागतातच. पण चार वर्षांच्या मुलासमोर चित्रांचं पुस्तक कसं धरायचं, वाचता न येणाऱ्या पाचवीतल्या मुलाला त्याची लाज न काढता काय द्यायचं, “याला फक्त ज्ञान देणारं पुस्तक द्या” म्हणणाऱ्या बापाशी काय बोलायचं, हे वेगळं कसब आहे. ‘बायकांना मुलांचं आपोआप कळतं’ असं मंडळातले पुरुष फार सहज म्हणतात. आपोआप कळत नाही. चार मुलं वाढवलेल्या बाईलाही वीस अनोळखी मुलांसमोर पुस्तक हातात घेतल्यावर पहिल्या दिवशी घाम फुटतो.

हे वेगळं कसब आहे, हा शोधही नवा नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या सार्वजनिक ग्रंथालयाने बालग्रंथपालांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण शाळा चालू केली ती १९०१च्या सुमारास. आपल्याला जवळचं उदाहरण बडोद्याचं. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शाळेत मिळालेली अक्षरओळख पुढे पुसली जाऊ नये म्हणून ग्रंथालयं हवीत, हा पुढचा विचार. त्यासाठी त्यांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या जाणत्या ग्रंथपालाला अमेरिकेहून बोलावलं आणि १९११ मध्ये बडोद्यात प्रशिक्षणवर्ग निघाला. देशातला असा तो पहिला वर्ग मानतात. महाराजांनी इमारतींना आणि पुस्तकांना पैसा दिलाच, पण माणसं शिकवण्याचं काम मागे ठेवलं नाही. आपण वाचनालयाचा शतकमहोत्सव साजरा करतो तेव्हा कमान उभारतो, स्मरणिका काढतो, पाहुणे आणतो. त्या खर्चाच्या दहाव्या हिश्शातही एक चांगली कार्यशाळा होईल.

शिकायचं म्हणजे नेमकं काय? सगळ्यात आधी मोठ्याने वाचून दाखवणं. ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्या सवयीचं काय असतं ते पाहा. ताई खिडकीकडे पाठ करून बसतात, मुलांच्या डोळ्यांवर उजेड येतो आणि चित्र काळं दिसतं. पुस्तक स्वतःकडे धरून वाचतात, मग एकदा गर्रकन फिरवून सगळ्यांना दाखवतात. वाचून संपलं की विचारतात, “मग मुलांनो, यातून काय शिकलात?” या एका प्रश्नाने गोष्टीचा पार निकाल लागतो.

शिकलेली व्यक्ती पुस्तक आधी एकटीने दोनदा वाचते. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे ठरवते. मुलांना अर्धगोलात बसवते, स्वतः उजेडाकडे तोंड करते, पुस्तक खांद्याच्या बाजूला उघडं धरते आणि पान सावकाश उलटते, कारण लहान मुलं शब्दांइतकंच चित्र वाचत असतात. गोष्ट कुणी लिहिली आणि चित्रं कुणी काढली, ती नावं सांगते. मध्ये एखाद्या ठिकाणी “आता काय होईल?” एवढंच विचारते आणि उत्तराची वाट पाहते. ही वाट पाहणंच शिकावं लागतं. आपल्याला शांतता सोसत नाही, तीन सेकंदांत आपणच उत्तर देऊन मोकळे होतो.

यामागे नुसती हौस नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना चित्रांचं पुस्तक वाचताना मोकळे प्रश्न कसे विचारायचे, मुलाच्या उत्तरात भर कशी घालायची, हे थोडक्यात शिकवलं. दुसऱ्या गटातले पालक नेहमीसारखेच वाचत राहिले. महिन्याभरात पहिल्या गटातल्या मुलांची भाषा पुढे गेलेली दिसली. प्रयोग छोटा होता, जेमतेम तीसेक घरांचा, आणि घरं मध्यमवर्गीय होती. तरी मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: दोन्ही गटांत पुस्तकं होती, वाचणारे आईबाप होते. फरक पडला तो पद्धतीने, आणि ती पद्धत थोड्या वेळात शिकवता आली. आईबापांना जे शिकवता येतं ते ग्रंथपालाला येणार नाही का? आणि ग्रंथपालाला आलं की तो गावातल्या पन्नास आईबापांना दाखवू शकतो.

दुसरी गोष्ट पुस्तकांची ओळख. मार्चअखेर आली की अनुदानातली पुस्तकखरेदी उरकायची घाई होते आणि विक्रेत्याने आणलेला ‘बालसाहित्य संच’ सहीनिशी आत येतो. गुळगुळीत मुखपृष्ठ, आत तेच ते संस्कार, तीच थोरांची चरित्रं, कागद असा की मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसावीत. दोष विक्रेत्याचा नाही. निवडणाऱ्याने मुलांची पुस्तकं वाचलेली नसतील तर तो किंमत आणि पानं एवढंच पाहणार. म्हणून ग्रंथपालाच्या कामाच्या वेळेतच मुलांची पुस्तकं वाचण्याचा वेळ धरा. टेबलावर चित्रांचं पुस्तक उघडून बसलेल्या ताईंना “काय, लहान झालात का?” असं हटकू नका. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं, ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं, राष्ट्रीय पुस्तक न्यासाची नेहरू बाल पुस्तकालय मालिका, १९७१ पासून चालू असलेलं ‘किशोर’ मासिक, एवढं तरी हाताखालून गेलेलं असावं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या व्यासपीठावर २०१५ पासून मराठी गोष्टीही मोफत मिळतात आणि छापून घेता येतात, हे ठाऊक असलेला ग्रंथपाल रिकाम्या तिजोरीतही काहीतरी करू शकतो.

तिसरी गोष्ट आपल्याबद्दलची, म्हणजे पालकांबद्दलची. मुलांच्या वाचनात आपण जितके आडवे येतो तितकं कुणीच येत नाही. मुलगी तेच पुस्तक पाचव्यांदा नेते आणि आपण ते काढून दुसरं हातात कोंबतो. मुलगा चित्रकथा उचलतो आणि आपण त्याला सामान्यज्ञानाचं पुस्तक देतो. अशा वेळी मुलासमोर पालकाचा पाणउतारा न करता, पण मुलाची बाजू धरून बोलणं ग्रंथपालाला जमलं पाहिजे. “ते पण राहू द्या आणि हे पण न्या, दोन्ही घेऊन जा” एवढ्या वाक्यानेही भागतं, पण ते वेळेवर सुचायला सराव लागतो. दोन जणांनी पालक व्हायचं, एकाने ग्रंथपाल, आणि बाकीच्यांनी पाहायचं, असा सराव कार्यशाळेत हसतखेळत होतो. मुलांना आणणारे पुष्कळदा आजी-आजोबा असतात हेही विसरू नका. ज्या आजीला वाचता येत नाही तिला चित्रांवरून गोष्ट सांगता येते, हे कुणीतरी तिला सांगायला हवं. ते काम ग्रंथपालाचं.

घरची भाषाही याच विषयात येते. पालघरच्या पाड्यावरचं मूल वारली बोलत येतं, नंदुरबारकडचं भिली किंवा पावरी, सोलापुरात कुणी तेलुगू किंवा कन्नड, बांधकामावरच्या वस्तीतून कुणी हिंदी. मराठी पुस्तक वाचताना मधला शब्द मुलांच्या भाषेत त्यांनाच विचारून घ्यावा. “शुद्ध बोल” हे वाक्य बालविभागातून कायमचं हद्दपार करावं, असं माझं ठाम मत आहे.

दंडाचं थोडक्यात सांगतो. फाटलेल्या पुस्तकाबद्दल मुलाकडून पैसे मागितले की पुस्तकाची किंमत वसूल होते आणि सभासद जातो. ग्रंथपाल बिचारा हे हौसेने करत नाही. तपासणीत पुस्तक कमी भरलं तर त्याला जाब द्यावा लागतो, म्हणून तो कपाटाला कुलूप घालतो. ती भीती मंडळाने स्वतःच्या अंगावर घ्यावी. बालविभागातली काही पुस्तकं वापरून झिजणार, ती रीतसर नोंद करून काढून टाकू, असा ठराव लिहून द्या. कुलूप आपसूक निघेल.

सुरक्षिततेचं मात्र थोडक्यात उरकून चालत नाही. मुलं एकटी येतात, वीज जाते, वरच्या मजल्यावर कुणी नसतं. मुलांबरोबर बंद दाराआड एकट्याने कुणी थांबायचं नाही, स्वयंसेवकानेही नाही, विश्वस्तानेही नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे. मूल काही सांगू लागलं तर त्याला खोदून खोदून विचारायचं नाही, शांतपणे ऐकायचं आणि गावात बोभाटा होऊ द्यायचा नाही. हे प्रसंग ओढवण्यापूर्वी माहीत हवं, आणि वाचनालयात काम करणाऱ्या प्रत्येकाला, शिपायालाही.

आता सोय कशी करायची? एकट्या वाचनालयाने वर्ग भरवायची गरज नाही. तालुक्यातल्या दहा वाचनालयांनी मिळून पत्र लिहा. जिल्हा ग्रंथालय संघाला आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना, की येत्या शिबिरात एक अख्खा दिवस बालविभागासाठी ठेवा, आणि त्या दिवशी भाषणं नकोत, समोर खरी मुलं बसवून वाचन करून घ्या. शिकवायला दूरचा पाहुणा कशाला? जवळच्या जिल्हा परिषद शाळेत एखाद्या बाई अशा असतातच की ज्यांच्या वर्गात मुलं गोष्टीसाठी थांबतात. अंगणवाडी ताईंकडून तीन वर्षांच्या मुलांबद्दल ऐका. एखाद्या ग्रंथपालाला यात खोल शिरायचं असेल तर टाटा ट्रस्ट्सच्या पराग उपक्रमाचा लायब्ररी एज्युकेटर्स कोर्स आहे. तो नोकरी सांभाळून करता येतो आणि हिंदीतूनही चालतो. त्याचं शुल्क एखाद्या घराने उचललं तर कपाटापेक्षा ती देणगी जास्त दिवस कामाला येईल.

शिबिराला पाठवताना तो दिवस हजेरीत धरा, पगार कापू नका, प्रवासखर्च आधी हातात द्या. अर्धवेळ पगारावर काम करणाऱ्या बाईने एसटीचं भाडं पदरचं घालून शिकायला जावं, हे बरं दिसत नाही. त्या दिवशी वाचनालय बंद राहील ही सबब सांगितली जाईलच. निवृत्त सभासदांनी दोन दिवस टेबलावर बसून देवघेव सांभाळावी, फार अवघड नाही ते. ताई परत आल्या की पहिल्या आठवड्यात शनिवारी संध्याकाळी अर्धा तास गोष्टीचा ठेवा आणि तुमची मुलं, नातवंडं त्याला पाठवा. पहिल्या वेळी चारच मुलं आली तरी पुढचा शनिवार चुकवू नका. मंडळाने तिथे हार, प्रास्ताविक आणि आभारप्रदर्शन मांडू नये, ही वेगळी विनंती.

वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय आणायचा तर अर्ज आधी द्यावा लागतो. अर्ज दोनच ओळींचा करा: पुढच्या अंदाजपत्रकात ‘सेवकांचं बालविभाग प्रशिक्षण’ असं स्वतंत्र खातं उघडावं, आणि त्यासाठी अमुक रक्कम मी देत आहे. रक्कम पाचशे असली तरी चालेल, पण ती अर्जातच लिहा. पैसे समोर असले की विषय पुढच्या सभेवर ढकलणं अवघड जातं.