तापीपलीकडचा आंबा

यंदा गणपतीत एका मुलीची लावणी ऐनवेळी कार्यक्रमातून काढली. "घरच्या मुलींना शोभत नाही," एवढंच कारण. ती काही बोलली नाही. मला मात्र तापीपलीकडचं जैनाबाद आठवलं.

१६५३ साली दख्खनचा सुभेदार होऊन निघालेला शहजादा औरंगजेब आपल्या बऱ्हाणपुरात मुक्कामाला होता. 'मआसिर-उल-उमरा' या ग्रंथात हकीकत आहे, की जैनाबादच्या बागेत हिराबाई या गायिकेनं उडी मारून आंबा तोडला आणि शहजाद्याचं भानच हरपलं. पुढे तिनं मद्याचा प्याला दिला. तो ओठांना लावणार, तोच तिनं काढून घेतला. तिला फक्त त्याचं प्रेम पारखायचं होतं! थोड्याच काळात ती वारली.

बादशहा झाल्यावर याच औरंगजेबानं १६६८ च्या सुमारास दरबारातलं गाणं थांबवलं. तिकडे इंग्लंडात प्युरिटनांचं वजन असलेल्या पार्लमेंटनं १६४२ मध्ये नाटकगृहं बंद केली. १६६० मध्ये राजा परतला आणि नाटकंही परतली. इकडे फकीरुल्लाचा 'रागदर्पण' हा संगीतावरचा ग्रंथही औरंगजेबाच्याच अमलात झाला. हुकमानं कला संपत नाही.

लावणीत शृंगार असतो, हे खरं. कोणती लावणी, कुठे करायची, हे मोठ्यांनी जरूर पाहावं. पण रामजोशी लावण्याही रचत आणि कीर्तनंही करत, हेही घरात सांगावं.

पुढच्या वर्षी नाव खोडण्याआधी त्या मुलीची लावणी एकदा बघून तर घ्या.