नवा अँप्लिफायर घरी आला की...



बोनस झाला की जालना एमआयडीसीतल्या कामगारांच्या घरी एखादा नवा अँप्लिफायर येतो. आणावा. पण जोडण्याआधी मशीनची पाठ वाचावी. तिथे ओहम लिहिलेले असतात. एकाच जोडणीवर ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर लावले तर भार ४ ओहमचा होतो. मशीनला तो पेलत नसेल तर ते तापते, कधी जळतेही. वायर लावताना प्लग काढलेला असावा. लाल टोक लालला, काळे काळ्याला. एकाच स्पीकरची टोके उलटी लागली तरी आवाज येतो, पण ठेका पोकळ वाटतो.

स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका, बास फुगतो. आपल्याला वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी ऐकायची आहेत, आणि ती शब्दांवर उभी आहेत. बास पूर्ण फिरवला की ढोलकी उरते, शब्द जातो. घरातल्या आजीला कडवे कळले की बटन तिथेच सोडा.

यावर काही तरुण चिडतात. म्हणतात, जयंतीला आवाज नको का? अहो, जयंती मैदानात असते, ही खोली दहा बाय बाराची आहे!

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. पण भट्टीवरून रात्रपाळी करून आलेल्या शेजाऱ्याची रात्र सकाळी आठला सुरू होते, ती कोणत्याच नियमात नाही. त्याच्या घरी आधी विचारा, मग मशीन लावा.