राखेवर सौरऊर्जा चालेल, पण खालच्या पाण्याचे काय?

उन्हाळ्याच्या दुपारी वारा सुटला की कोराडी आणि खापरखेड्याच्या परिसरातल्या गावांत वाळत घातलेले कपडे आत घ्यावे लागतात. अंगणात, भाजीच्या पानांवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर करड्या भुकटीचा थर बसतो. ही औष्णिक वीज केंद्रांची राख. चिमणीतून निसटणाऱ्या राखेची चर्चा खूप होते. पण बहुतांश राख पाण्यात कालवून पाइपने राख तलावांत सोडली जाते आणि वर्षानुवर्षे तिथेच साचून राहते. वारेगाव, खसाळा, नांदगाव ही नावे नागपूरकरांना यातूनच माहीत झाली.

अशा पडीक, दूषित जमिनीवर सौरऊर्जा प्रकल्प उभारावेत आणि त्यासाठी सरकारने सवलत द्यावी, हा विचार जगभर जोर धरतो आहे. राज्यात सौर प्रकल्पांसाठी जागेची मागणी वाढते आहे, त्यामुळे तो आपल्याकडेही विचारात घ्यावा लागेल. कल्पना चांगली आहे. मात्र सवलत कशासाठी द्यायची हे आधी ठरले नाही, तर पॅनेल राखेवरचे झाकण ठरतील आणि खालचे दुखणे तसेच राहील.

एका घरामागे एक गोणी

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण जास्त असते, साधारण ३० ते ४५ टक्के. एक युनिट विजेसाठी अंदाजे पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो आणि त्यातून सुमारे पाव किलो राख उरते. म्हणजे महिन्याला २०० युनिट वीज वापरणाऱ्या घरामागे दरमहा सिमेंटच्या गोणीएवढी, ५० किलो राख तयार होते. कोराडीची क्षमता २,१९० मेगावॉट आणि खापरखेड्याची १,३४० मेगावॉट. दोन्ही केंद्रे शहराच्या उत्तरेला, एकमेकांच्या जवळ आहेत.

कोळसा जळून गेला की त्यातले न जळणारे घटक राखेत एकवटतात. आर्सेनिक, शिसे, बोरॉन, फ्लोराइड यांचे प्रमाण मूळ कोळशापेक्षा राखेत जास्त असते ते यामुळेच. माणसापर्यंत ही राख मुख्यतः दोन वाटांनी पोहोचते. पहिली वाट हवेची. कोरड्या पडलेल्या तलावावरून बारीक कण उडतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण नाका-घशात अडत नाहीत आणि २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. खोकला, दमा, श्वासनलिकेची जुनाट सूज हे त्याचे परिणाम. दुसरी वाट पाण्याची. तळाला अस्तर नसलेल्या तलावातून पाणी जमिनीत झिरपते आणि विरघळलेले क्षार आणि धातू विहिरी-बोअरवेलपर्यंत नेते. धूळ डोळ्यांना दिसते, हे झिरपणे दिसत नाही. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, फ्लोराइडची इष्ट मर्यादा १ मिलिग्रॅम. एवढ्या सूक्ष्म प्रमाणात पाण्याची चव किंवा रंग बदलत नाही.

नागपूरच्या सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंटने मंथन अध्ययन केंद्र आणि असर या संस्थांसोबत २०२१ मध्ये या परिसराचा अभ्यास केला. पाण्याच्या नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त जड धातू आढळल्याची नोंद त्यात आहे. नांदगावच्या तलावाविरुद्ध गावकऱ्यांनी आवाज उठवल्यावर तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे भेट दिली आणि तिथे राख टाकणे थांबले. त्याच वर्षी जुलैमध्ये मुसळधार पावसात खसाळ्याच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा गाळ शेतांत, नाल्यांत शिरला. हे नाले पुढे ज्या खोऱ्यात जातात, त्यातल्या कन्हान नदीचे पाणी नागपूर शहर पिते. राखेचा प्रश्न फक्त त्या दहा-वीस गावांचा नाही.

पॅनेल काय थांबवतात, काय नाही

भरून बंद झालेल्या, सुकलेल्या राख तलावावर सौर प्रकल्प उभारणे तंत्राच्या दृष्टीने शक्य आहे. जागा सपाट असते, सावली नसते. वीज केंद्र शेजारीच असल्याने उपकेंद्र आणि वाहिन्या तयार असतात. पिकाखालची जमीनही वाचते. अडचणी आहेत, पण त्यांवर उपाय आहेत. राख हलकी आणि भुसभुशीत असते, पाण्याने भिजली की तिची भार पेलण्याची ताकद कमी होते. म्हणून खोल खांब ठोकण्याऐवजी वर मातीचा दाबलेला थर टाकून काँक्रीटच्या जड ठोकळ्यांवर सांगाडे ठेवावे लागतात. राखेची धूळ पॅनेलवर बसून वीजनिर्मिती घटते, त्यामुळे धुण्यासाठी पाण्याची सोयही लागते.

आरोग्याचा विचार करता मातीचा थर, गवत आणि पॅनेल यांमुळे राख उडणे खूप कमी होईल. हा खरा आणि मोठा फायदा आहे. म्हणजे हवेची वाट बऱ्याच अंशी बंद होईल. पाण्याची वाट मात्र उघडीच राहील. नागपूरला पावसाळ्यात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पॅनेलवर पडलेले पाणी खालच्या कडेने एका रेषेत ओघळते आणि तिथेच जमिनीत मुरते. वरच्या थरात पाणी अडवणारा पडदा नसेल आणि पाणी बाहेर नेणाऱ्या चरांची नीट आखणी नसेल, तर झिरपणे थांबत नाही. उलट ओघळीच्या रेषेत मातीची धूप होऊन राख पुन्हा उघडी पडू शकते. बांधाची मजबुतीही पॅनेलने वाढत नाही.

सवलतीचा हिशेब

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० राज्याने २०२३ मध्ये आणली. शेतीच्या वाहिन्यांना दिवसा सौर वीज मिळावी हा तिचा हेतू आहे. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ, ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षे अनुदान, विकासकाला तीन वर्षे युनिटमागे १५ ते २५ पैसे प्रोत्साहन अशी तिची रचना आहे. जमीन निवडताना मुख्य निकष उपकेंद्रापासूनचे अंतर हा आहे. जमीन सुपीक की राखेखाली गेलेली, याचा भेद तिथे नाही.

समजा, १०० हेक्टरच्या राख तलावावर प्रकल्प झाला. एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर लागतात, म्हणजे तिथे ५० मेगावॉट बसतील आणि वर्षाला सुमारे ८ कोटी युनिट वीज मिळेल. १५ पैशांच्या दराने प्रोत्साहन होईल वर्षाला सव्वा कोटी रुपयांच्या आत. कोराडीच्या २,१९० मेगावॉटपुढे ही वीज थोडी आहे आणि सवलतही मोठी नाही.

मोठा आकडा दुसरीकडे आहे. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या राख अधिसूचनेनुसार साठलेली जुनी राख दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने वापरात आणायची आहे. न वापरल्यास टनामागे १,००० रुपये पर्यावरण भरपाई आहे. वरच्याच १०० हेक्टरमध्ये राखेचा थर पाच मीटर धरला तर अंदाजे ५० लाख टन राख होते. ती तशीच राहिली तर भरपाई ५०० कोटींची. याच अधिसूचनेत एक सूट आहे. तलाव स्थिर झाला असेल, हरितपट्टा किंवा वृक्षारोपण करून त्याचे पुनर्वसन झाले असेल आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तसे प्रमाणित केले असेल, तर ती राख काढावी लागत नाही.

पॅनेल टाकले म्हणून ‘पुनर्वसन झाले’ असे मानले गेले, तर खरी सवलत युनिटमागच्या १५ पैशांची नसेल, राखेच्या या जबाबदारीतून सुटण्याची असेल. प्रमाणपत्राआधी भूजल तपासले गेले की नाही, हा प्रश्न त्यामुळे कागदी राहत नाही.

जिथे आधी जमीन, मग पैसा

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने सौर योजनेत दूषित औद्योगिक जमिनीला युनिटमागे ३ सेंट आणि बंद कचरा डेपोला ४ सेंट जादा दर ठरवला. पण डेपोवर प्रकल्पासाठी तो रीतसर बंद झालेला असावा लागतो आणि राज्याच्या पर्यावरण विभागाचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. जर्मनीत हॅम्बुर्गमधल्या गेओर्ग्सवेर्डर टेकडीचा अनुभवही असाच आहे. तिथल्या जुन्या डेपोतून १९८३ मध्ये डायऑक्सिन झिरपत असल्याचे आढळले. आधी टेकडी जलरोधक थराने झाकली गेली, झिरपणारे पाणी गोळा करण्याची व्यवस्था झाली आणि मग पवनचक्क्या आणि पॅनेल आले. पाण्यावर लक्ष ठेवण्याचे काम पुढेही चालूच राहिले.

प्रत्येक दूषित जमिनीला हा उपाय लागू नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. भांडेवाडीच्या कचरा डेपोत जुना कचरा उकरून वेगळा करणे, म्हणजे बायोमायनिंग, हाच चांगला मार्ग आहे. केंद्रीय मंडळाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांचा कलही तिकडेच आहे. तिथे घाईने ढिगावर पॅनेल टाकणे म्हणजे आग आणि दुर्गंधी पुढच्या पिढीकडे सोपवणे. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींजवळचे मातीचे ढिगारे अनेक वर्षे खचत राहतात, तिथे ते स्थिर होईपर्यंत थांबावे लागेल.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम लागू केले. संशयित जागा कळवण्याची जबाबदारी स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनावर आहे आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याने द्यायचा आहे. मात्र खाणकामातून आणि कचरा डेपोतून होणारे प्रदूषण वेगळ्या कायद्यांखाली येते म्हणून यातून वगळले आहे. नागपूरच्या तीन प्रकारच्या दूषित जमिनींपैकी दोन त्यामुळे बहुतांशी बाहेर राहतात.

तीन अटी पुरेशा आहेत

राज्याने दूषित जमिनीवरील सौर प्रकल्पांना जादा सवलत जरूर द्यावी. सुपीक शेतापेक्षा राखेच्या तलावावर पॅनेल केव्हाही बरे. पण सोबत तीन अटी असाव्यात. पहिली, प्रकल्पाआधी आणि नंतर दर पावसाळ्याच्या आगेमागे परिसरातील विहिरींचे पाणी तपासावे आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावेत. दुसरी, प्रोत्साहनाचा काही भाग विजेच्या युनिटवर आणि काही भाग पाण्याच्या सुधारणेवर मिळावा. पाणी सुधारले नाही तर तो भाग मिळणार नाही. तिसरी, राखेची जबाबदारी ज्याने राख केली त्याच्याकडेच राहावी. पॅनेल लावणाऱ्या कंपनीच्या करारात ती विरून जाऊ नये.

कोराडीत आणखी दोन ६६० मेगावॉटच्या संचांसाठी मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. म्हणजे राख यापुढेही येतच राहणार आहे. जुन्या राखेचा हिशेब आज नीट लावला, तर नव्या राखेला तोच नियम लागेल. पॅनेलचे आयुष्य २५ वर्षे असते. राखेतले आर्सेनिक त्यानंतरही तिथेच असेल आणि शेजारच्या गावांतले लोकही.