शिकणारीलाही तयार करा

नव्या मुलीला अनुभवी माणसाच्या हाताखाली द्यायचं, ही 'मेंटॉरिंग'ची योजना आता अनेक कंपन्यांत आहे. गेल्या वर्षी एका कारखान्यात अशा योजनेसाठी प्रशिक्षण द्यायला गेले होते. मार्गदर्शकांसाठी दोन दिवसांचं शिबिर होतं, मुलींसाठी चहाच्या आधी अर्धा तास. "त्यांना काय शिकवायचं? त्यांनी ऐकायचं," असं तिथले अधिकारी म्हणाले.

ऐकायचं शिक्षण तर आपल्या मुली घरातूनच घेऊन येतात! सहा महिन्यांनी पुन्हा भेटले, तेव्हा एक म्हणाली, "काय विचारायचं तेच कळायचं नाही. मग 'सगळं ठीक आहे' म्हणायचे." दुसरीचे मार्गदर्शक रात्री उशिरा फोन करत. तोही कामाचाच भाग असेल, असं समजून ती गप्प राहिली होती.

म्हणून मला वाटतं, शिकणारीला तीन गोष्टी शिकवायलाच हव्यात. पहिली, मागणं. भेटीला जाताना दोन प्रश्न लिहून न्यावेत. 'मला नुसतं पॅकिंग नको, मशीनचं सेटिंग शिकायचंय' असं स्पष्ट सांगावं. दुसरी, मार्गदर्शक म्हणजे मालक नव्हे हे ओळखणं. पटलं नाही तर मार्गदर्शक बदलून मागता यावा. तिसरी, कायदा. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात शिकाऊ आणि प्रशिक्षणार्थीही येतात. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे तक्रार समिती असलीच पाहिजे, आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या 'साथिन' भंवरीदेवींवर १९९२ मध्ये बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या लढ्यामुळे १९९७ चा विशाखा निकाल आला आणि पुढे हा कायदा. तो मुलींपर्यंत पोचवायला अर्धा तास कसा पुरेल?

काही मैत्रिणी म्हणतील, बदलायला हवी ती कंपनी, मुलींवर ओझं कशाला? खरं आहे. जबाबदारी कंपनीचीच. पण जिला आपला हक्क माहीत नाही, ती कंपनीला जाब तरी कसा विचारणार?

आणि जरा आपल्याकडेही पाहूया. संघटनेत नवी कार्यकर्ती येते, तिला एखाद्या ताईच्या हाताखाली देतो. "ताई, हे मला पटत नाही," असं म्हणायची मोकळीक तिला आपण देतो का? सुरुवात तिथूनच करूया.