आवाज किती सोडावा?

परवा नातू आला होता, त्याचं ते मॉड्युलर सिंथेसायझरचं खोकं घेऊन. मी पडलो मराठीचा बी.ए. व्होल्ट म्हटलं की मला विजेचं बिल आठवतं. पण त्याने वर्तमानपत्राच्या समासात आकृती काढली आणि मास्तर विद्यार्थी झाले!

त्याची तक्रार एकच. "आबा, हा फिल्टर बेकार आहे, आवाज फाटतो." फिल्टर मूग पद्धतीचा, ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीसारख्या एकावर एक रचलेला. रॉबर्ट मूग यांना त्याचं अमेरिकन पेटंट १९६९ साली मिळालं. या खोक्यात सिग्नलची लाट माथ्यापासून तळापर्यंत साधारण १० व्होल्टची असते. शिडीतल्या ट्रान्झिस्टरना मात्र पाच-पन्नास मिलिव्होल्टच नीट सोसतात. म्हणून आत शिरतानाच सिग्नल शंभराहून जास्त पटींनी बारीक करतात आणि बाहेर पडताना परत मोठा करतात. फारच बारीक केला तर सर्किटची स्वतःची खरखर ऐकू येते, मोठा ठेवला तर लाटेचे माथे दबतात. थोडे दबले तर कानाला गोडच लागतं. मूगची 'ऊब' म्हणतात तिच्यात याचाही वाटा आहे.

मग आम्ही एकेक केबल काढून पाहिली. एकच ऑसिलेटर ठेवला तर आवाज स्वच्छ! तिन्ही पूर्ण सोडले की बेरीज ३० व्होल्टपर्यंत जाते. मिक्सर चालतो उणे १२ ते अधिक १२ वर, म्हणजे त्याच्यात मावणार फार तर २४. माथे तिथेच छाटले जात होते आणि आळ येत होता फिल्टरवर. छाटलेला माथा पुढचा कुठलाही फिल्टर परत आणू शकत नाही.

नातवाचे मित्र म्हणतात, सिग्नल भरपूर सोडावा, फिल्टर गुरगुरला पाहिजे. माझं मत असं की गुरगुरू दे खुशाल, पण आपण ठरवून. आधी स्वच्छ आवाज कसा असतो तो ऐका, मग बटण वाढवा. आपल्या नकळत जे फाटतं त्याला शैली म्हणू नये.

हे मी नातवाला ऐटीत सांगितलं खरं, पण रात्री झोप लागेना. मागच्या बाकावरचा एक मुलगा आठवला. वाचताना अडखळायचा. तो अडखळला की मी आवाज चढवायचो, मी चढवला की तो आणखी गप्प व्हायचा. "याच्या डोक्यात काही शिरतच नाही," असं मी शिक्षकांच्या खोलीत म्हणालो होतो. आठवीत त्याने शाळा सोडली. त्या वर्गात माझा आवाज कमी करून बघायचं मला एकदाही सुचलं नाही.

असो. सकाळी नातवाने तिन्ही बटणं खाली आणली. फिल्टर उत्तम आहे म्हणाला.