बरणीत कोंडलेली जीवदया



पाऊस सुरू झाला की नात्यातल्या कुठल्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. लोणच्याची रिकामी बरणी, तोंडाला मलमलचं फडकं, त्यावर रबर, आत कढीपत्त्याची काडी आणि काडीवर हिरवी अळी. खाली लिहिलेलं असतं, ‘शाळेचा फुलपाखरू प्रोजेक्ट.’ मग हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते आणि कुणीतरी लिहितं, ‘किती छान, लहानपणापासून जीवदया!’

या शेवटच्या शब्दाला माझी हरकत आहे. बरणीत कोंडणं ही जीवदया नव्हे. नातवंडांना घेऊन घरी फुलपाखरं जरूर वाढवा, पण झाडावर. बरणीत नको.

श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत शिकलो आहोत. बांधून किंवा कोंडून ठेवणं, मारहाण करणं, अवयव छेदणं, झेपणार नाही एवढा भार लादणं आणि अन्नपाणी रोखणं. तत्त्वार्थसूत्रात ही यादी ‘बंध’ या अतिचारापासूनच सुरू होते. म्हणजे जीव घेतला नाही, पण त्याची वाट अडवली, तरी व्रताला डाग लागतो. फुलपाखरू तर चतुरिंद्रिय जीव. कोषातला जीव उकळत्या पाण्यात मरतो म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणींनी रेशमी साडी सोडली. त्याच घरात नातवाच्या हाती बरणी दिली जाते, तेव्हा हा विचार कुठे जातो?

पाचवा अतिचारही बरणीत हटकून घडतो. कढीपत्त्यावरची अळी कढीपत्ता, लिंबू अशा एकाच कुळातल्या झाडांचा पाला खाते. कोथिंबीर किंवा कोबीचं पान टाकून भागत नाही. आपण दोन दिवस लग्नाला गेलो आणि काडी सुकली, की ती उपाशी राहते. आपला उपवास आपण पच्चक्खाण घेऊन करतो, तिला कोणी विचारलं?

त्यातूनही कोष झाला, तरी पुढे धोका असतोच. कोषातून बाहेर आलेल्या फुलपाखराचे पंख ओले आणि चुरगळलेले असतात. ते कशाला तरी धरून लटकतं, पंखांच्या शिरांमध्ये शरीरातला द्रव भरतं, आणि मग पंख पसरून वाळतात. गुळगुळीत काचेवर पकड सुटली किंवा बरणी अरुंद पडली, तर पंख वाकडेच वाळतात आणि पुन्हा कधीच सरळ होत नाहीत. मग टाळ्या वाजवून त्याला गॅलरीतून ‘मुक्त’ करायचं आणि व्हिडिओ काढायचा. ते कुठे उडणार?

काही जणी म्हणतात, ‘अहो, बाहेर पक्षी खातात. आमच्या बरणीत निदान वाचते तरी.’ बाहेर बहुतेक अळ्या पक्ष्यांच्या आणि गांधीलमाश्यांच्या तोंडी जातात, हे खरं आहे. पण मी कॉमर्सवाली, खाती वेगळी ठेवते. पक्ष्याने खाल्लेली अळी माझ्या नावावर पडत नाही, माझ्या बरणीत मेलेली पडते. शिवाय अळी काही अगदी निराधार नसते. लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाली की हिरवी होऊन पानात मिसळते, आणि डिवचलं तर डोक्यामागून लाल दुभंगलेलं शिंग काढून उग्र वास सोडते. तिला वाचवायचंच असेल, तर आधी आपल्या कुंडीवरची फवारणी थांबवा. बरणीला नाक मुरडणाऱ्या आणि दुसऱ्याच दिवशी कढीपत्त्यावर औषध मारणाऱ्या मैत्रिणींनाही मी हेच सांगते.

परदेशात राहणाऱ्या मुलांकडून आणखी एक प्रकार कानावर येतो. तिकडे अळ्यांचे खोके विकत मिळतात, आणि लग्नात उडवायला फुलपाखरंही मागवता येतात. पर्युषणात पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन सोडण्यासारखंच हे. आपण दिलेल्या पैशातून पुढचा पक्षी पकडला जातो. अमेरिकेतल्या झर्सीस सोसायटी या कीटक-संरक्षण संस्थेचाही मोनार्क फुलपाखरं विकत आणून सोडायला विरोध आहे. गर्दीत वाढवलेल्या फुलपाखरांमधून रोग पसरण्याची भीती असते.

‘मग मुलांना कळणार कसं?’ हा प्रश्न रास्त आहे. आपल्या निजामपुऱ्यात अंगण कुणाला आहे? लूमचा खडखडाट आणि खिडकीची जाळी, एवढंच. पण जाळीत दोन कुंड्या मावतात. एकीत कढीपत्ता लावा, दुसरीत लिंबू. आपल्यातल्या अनेक जणी चातुर्मासात हिरवा पाला खात नाहीत, कढीपत्ताही तोडत नाहीत, आणि फुलपाखरांची गर्दी नेमकी याच दिवसांत असते. आपला त्याग आणि त्यांचं जेवण एकाच कुंडीत जमतं.

मादी पानावर बसून पायांनी चव घेते आणि पान ओळखीचं निघालं तरच मोहरीएवढं अंडं घालते. मुलांना भिंग द्या, वही द्या. अंडं दिसलं तो दिवस, अळीने कात टाकली तो दिवस, सगळं त्यांनाच लिहू द्या. महिन्याभरात वही भरते. कोष करायची वेळ आली की अळी कधी कधी झाड सोडून जाळीवर किंवा भिंतीवर जाते. तिला शोधणं हाच खेळ. ती कमरेभोवती एक धागा घालून स्वतःला टेकवून घेते. भिवंडीच्या मुलांना धागा काय चीज आहे ते वेगळं सांगावं लागत नाही, पण हा धागा त्यांना दाखवाच.

आणि एके सकाळी अळी दिसणार नाही. नातू रडेल. त्याला खोटं सांगू नका, पक्ष्याने खाल्ली असेल असं सांगा, आणि त्याच्याबरोबर बसून एक नवकार म्हणा. आवडलेली गोष्ट आपल्या मालकीची नसते, हा अपरिग्रहाचा धडा बरणीतून मिळत नाही.

ज्यांना जमेल त्यांनी मुलांना ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकरवाडीत न्यावं. राजेंद्र ओवळेकरांनी आपल्या जमिनीवर अळ्यांच्या खाण्याची झाडं आणि मधाची फुलझाडं लावली. पिंजरा नाही, तरी फुलपाखरं येतात. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेली राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉरमॉन, तिची अळीही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढते. आपल्या खिडकीतलं लिंबू कधी तिलाही उपयोगी पडेल.

शाळेने बरणी मागितली, तर बाईंना चिठ्ठी लिहा: ‘आमच्या घरी जीव कोंडत नाही. मुलाने कुंडीवर निरीक्षण केलं आहे, वही सोबत जोडली आहे.’ मार्क कापले तर कापू देत. नातवंडांनी या चातुर्मासात एवढं शिकलं तरी पुष्कळ झालं.