जळालेले ग्रंथालय आणि आमचे कुलूप

"एवढ्या लांब यायचे आणि पाहायचे काय, तर जे नाही ते!" अलेक्झांड्रियाच्या स्टेशनाबाहेर मामाने काढलेला हा उद्गार. मामाची नोकरी कैरोत. सुट्टीत त्याच्याकडे गेले असता मीच हट्ट करून त्याला या बंदराच्या गावी ओढत नेले होते. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. इ. स. पूर्व ३३१ मध्ये सिकंदराने वसवलेल्या या शहराची कीर्ती ज्या दोन वास्तूंमुळे, त्या दोन्ही आज जागेवर नाहीत. एक दीपगृह, दुसरे ग्रंथालय.

फॅरोसचे दीपगृह शंभर मीटरांहून उंच होते म्हणतात. भूकंपांनी ते खिळखिळे केले. त्यांतला १३०३ चा धक्का फार मोठा. इब्न बतूता १३२६ मध्ये आला तेव्हा त्याची एक बाजू ढासळली होती. १३४९ मध्ये पुन्हा आला तेव्हा दारापर्यंतसुद्धा जाता येईना. पुढे सुलतान कायतबेने १४७७ ते १४७९ या काळात त्याच जागी किल्ला बांधला. आज तटावर उभे राहिले की खारा वारा तोंडावर येतो. पाणबुड्यांना १९९४ पासून सापडत गेलेले प्रचंड दगड आणि मूर्तींचे तुकडे खाली पाण्यात आहेत. 'पॉम्पीचा खांब' म्हणून जो दाखवतात तो पॉम्पीचा नाहीच. तो सम्राट डायोक्लेशनच्या सन्मानार्थ उभारलेला आहे. कोम अल् शुकाफाच्या भुयारी थडग्यांचा शोध १९०० मध्ये लागला. एक गाढव खड्ड्यात पडले, त्या निमित्ताने! तेथे इजिप्तचा कोल्हेमुखी देव अनुबिस चक्क रोमन शिपायाच्या वेषात कोरला आहे. आमच्या गॅदरिंगमध्ये धोतरावर बूट चढवून रंगमंचावर आलेल्या पात्राची मला आठवण झाली. पण बंदराच्या गावात देवांनाही पोशाख बदलावा लागतो, हे खरे.

मला लिहायचे आहे ते मात्र ग्रंथालयाविषयी.

"जाळले ना ते? खलिफाच्या हुकमाने," मामा म्हणाला. "शाळेत शिकवले नाही तुला?" शिकवले होते. पुस्तके हमामखान्यांच्या चुलीत घातली, सहा महिने पाणी तापत राहिले, ही गोष्ट कोणाला ठाऊक नाही? अडचण एवढीच, की अरबांनी शहर घेतले ६४२ मध्ये आणि ही कथा प्रथम लिहिलेली आढळते ती साडेपाचशेहून अधिक वर्षांनी. मग दोषी कोण? इ. स. पूर्व ४८ मध्ये ज्युलियस सीझरने जहाजे पेटवली, ती आग किनाऱ्यावर पसरली. २७२ च्या सुमारास ऑरेलियनच्या लढाईत राजवाड्याचा भाग उद्ध्वस्त झाला. ३९१ मध्ये ख्रिस्ती जमावाने सेरापिसचे देऊळ पाडले. तेव्हा तेथे पुस्तके उरली होती की नाही, यावर पंडितांचे एकमत नाही. जो तो आपल्याला नको असलेला आरोपी निवडतो आणि निर्धास्त होतो. मामाही झाला होता.

माझे मत असे, की हे ग्रंथालय कोणा एकाने मारलेच नाही. ते उपासमारीने मेले. पपायरसची गुंडाळी काही कायमची टिकत नाही. दमट हवेत ती पुन्हा पुन्हा उतरवून घ्यावी लागते. त्यासाठी लेखनिक लागतात, पैसा लागतो, आणि पुस्तक मागणारा माणूस लागतो. इ. स. पूर्व १४५ मध्ये आठव्या टॉलेमीने विद्वानांना शहरातून घालवून दिले. माझ्या मते मरणाची तारीख शोधायची तर ती तेथून शोधावी. आग नंतरची.

आणि पूर्वीचे टॉलेमी? त्यांची हाव पाहून हसू येते. बंदरात आलेल्या जहाजांवरची पुस्तके उचलायची, नकला करायच्या, मूळ प्रत आपल्याकडे ठेवून मालकाला नक्कल द्यायची! अथेन्सहून नाटकांच्या अधिकृत प्रती पंधरा टॅलंट अनामत ठेवून आणल्या आणि अनामतीवर खुशाल पाणी सोडले, अशी हकीकत गेलन सांगतो. आमच्या कॉलेजातही अनामतीवर पाणी सोडणारे महाभाग आहेत. पण त्यांना निदान पुस्तक हवे असते!

उतरवून घेण्याचे मोल आपल्यालाही ठाऊक असायला हवे. इजिप्तमधल्याच कोणा ग्रीक व्यापाऱ्याने पहिल्या शतकात लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये सोपारा, कल्याण, पैठण, तेर यांची नावे येतात. आपल्या प्राचीन व्यापाराविषयी आपण जे अभिमानाने सांगतो त्यातले बरेच या लहानशा पुस्तकातून आले आहे. ते आपल्या हाती लागले, कारण दहाव्या शतकात कोणीतरी बसून त्याची प्रत केली. ती केली नसती तर?

नवे ग्रंथालय २००२ मध्ये उघडले. समुद्राकडे कललेली प्रचंड तबकडी, बाहेर ग्रॅनाइटच्या भिंतीवर जगभरच्या लिप्यांतली अक्षरे, आत ८० लाख पुस्तकांची सोय. मामा भिंतीपाशी बराच वेळ थांबला. मला भिंतीपेक्षा वाचनालयात मान खाली घालून बसलेली मुले आवडली. जानेवारी २०११ च्या उठावात शहरात जाळपोळ चालू असताना तरुणांनी हातात हात घालून या इमारतीभोवती साखळी धरली होती. इमारतीला धक्का लागला नाही.

आमच्या ग्रंथालयाला कोणी आग लावलेली नाही. इतिहासाच्या कपाटाला फक्त कुलूप आहे, आणि आमच्यापैकी कोणीही, प्राध्यापकांसह, ते उघडा म्हटलेले नाही. हे मी दुसऱ्यांना म्हणते आहे असे नाही. तीन वर्षे मीही त्या कपाटाला टेकून नोट्स उतरवल्या.

परत आल्यावर मी किल्ली मागितली. ती तिसऱ्या दिवशी सापडली. 'पेरिप्लस'चे भाषांतर तेथे होते. कडांना वाळवी लागलेली, मजकूर शाबूत. मागच्या चिठ्ठीवरचा शेवटचा शिक्का १९८४ चा. आता त्याखाली माझा आहे. पुस्तक पंधरा दिवसांत परत करायचे आहे. कोणाला हवे असल्यास त्याने आधीच नाव नोंदवून ठेवावे.